अ‍ॅनिमॅडव्हर्शन आणि आपली टीका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ संध्याकाळी भिजलेली छत्री व्हरांड्यात टेकवून आत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोर्टाचा निकाल. वडिलांच्या वेळेपासून चाललेला जमिनीचा दावा, तो आता कुठे संपला होता. वकिलाने फोनवर 'जिंकलो' एवढे सांगितले होते, पण मुलाने निकाल वाचताना एका शब्दाखाली पेनाने रेघ मारून ठेवली होती आणि त्या रेघेने यांची झोप उडाली होती.

"मास्तर, हें आमचे वटेन काय आमचेर?" त्यांनी विचारले. म्हणजे हे आमच्या बाजूचे की आमच्यावरचे?

शब्द होता 'अ‍ॅनिमॅडव्हर्ट'. त्याचे नाम 'अ‍ॅनिमॅडव्हर्शन'. मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. तरी खरे सांगतो, शब्दकोश काढल्याशिवाय मला छातीठोक उत्तर देता आले नाही. कोश पाहिला आणि त्यांना सांगितले, काळजी करू नका. ज्या कचेरीत तुमची फाईल इतकी वर्षे पडून राहिली, त्या कचेरीच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांनी नापसंतीचे दोन शब्द लिहिले आहेत.

"म्हणजे कोर्टाने त्यांचा समाचार घेतला!" ते खुश होऊन म्हणाले, चहा प्याले आणि गेले. मी मात्र त्या शब्दाशी आणि त्यांच्या 'समाचारा'शी बरेच दिवस अडकून राहिलो. त्याची ही हकिगत.

शब्द मूळचा लॅटिन. 'अ‍ॅनिमुस' म्हणजे मन, 'आद' म्हणजे कडे, 'व्हेर्तेरे' म्हणजे वळवणे. मन एखाद्या गोष्टीकडे वळवणे, म्हणजेच लक्ष देणे. यात दोष नाही, राग नाही, शिक्षा तर नाहीच. पण रोमन लोकांनीच या शब्दाला दुसरी धार लावली. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचे लक्ष आपल्याकडे वळले म्हणजे आता काही खरे नाही, हा अनुभव बहुधा सर्व देशांतल्या प्रजेचा सारखाच असावा. अधिकाऱ्याने कुणाकडे 'लक्ष वळवले' म्हणजे त्याला शासन केले, असा अर्थ रूढ झाला.

जुलियस सीझरने गॉलमधल्या युद्धाचा जो वृत्तांत लिहिला आहे त्याच्या पहिल्याच भागात हे दोन्ही अर्थ भेटतात. एका ठिकाणी दुम्नोरिक्स नावाच्या एका सरदाराचा प्रश्न आहे. त्याच्यावर सीझरने स्वतः कारवाई करावी की त्याच्या जमातीला करायला सांगावी, तिथे हेच क्रियापद येते. आणि थोडे पुढे गेले की प्रसंग अगदी वेगळा. गॉलचे निरनिराळे पुढारी सीझरसमोर रडून गाऱ्हाणे मांडत आहेत. त्या गर्दीत सेक्वानी जमातीचे लोक तेवढे काहीच न बोलता, माना खाली घालून जमिनीकडे पाहत उभे आहेत. हे सीझरच्या ध्यानात येते आणि तो त्यांना कारण विचारतो. तिथेही क्रियापद तेच. एकाच पुस्तकात एकच शब्द एकदा शिक्षा होतो आणि एकदा गर्दीतल्या गप्प माणसाची दखल होतो.

पुढे या शब्दाची जी गत झाली, ती आपल्या गोव्याच्या दाराशी येऊन पोचते. १२१५ साली रोममध्ये लॅटरनची चौथी धर्मपरिषद भरली. पाखंडी ठरलेल्या माणसांचे काय करायचे याबद्दल तिने ठरवले की त्यांना लौकिक सत्तेच्या हवाली करावे आणि त्या सत्तेने त्यांना 'अ‍ॅनिमाद्वेर्सिओ देबिता' द्यावी. शब्दशः अर्थ 'योग्य ते लक्ष'. प्रत्यक्षात पुढच्या काळात त्या सभ्य शब्दांचा शेवट चितेवर होत असे. धर्मपीठ स्वतः कुणाला जाळत नसे, ते फक्त हवाली करत असे.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले. इथेही व्यवस्था हीच. ज्याला मरणाची शिक्षा व्हायची त्याला 'रेलाशादो', म्हणजे 'सोडून दिलेला' म्हणत आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या ताब्यात देत. जुन्या गोव्यातल्या त्या इमारतीला लोक 'व्हडलें घर' म्हणत. शार्ल देलों नावाचा फ्रेंच वैद्य या घराच्या कोठडीत राहून आला आणि सुटल्यावर त्याने १६८७ साली आपली कहाणी छापली, म्हणून आतले बरेच काही जगाला कळले. आरोप कोणी केला हे आरोपीला सांगत नसत. त्याने आपला गुन्हा आपणच ओळखायचा आणि कबूल करायचा. कागद मात्र बारकाईने लिहीत. लक्ष देण्यात तिथे काही कसूर नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी लक्ष देण्याची तरफदारी करणार आहे आणि नुसते लक्ष पुरत नाही हे आपल्याइतके कुणाला माहीत असणार?

आता इंग्लंडात येऊ. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो आणि सुरुवातीला त्याचा अर्थ साधा होता. निरीक्षण, टिपण, शेरा. तेव्हा एखाद्या ग्रंथावर ओळीओळीने केलेल्या टिपणांनाच 'अ‍ॅनिमॅडव्हर्शन्स' म्हणत आणि तेच नाव पुस्तकाला देत.

त्यातले मला आवडलेले उदाहरण फ्रान्सिस थिन याचे. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या समग्र काव्याची आवृत्ती थॉमस स्पेट याने १५९८ साली काढली. फ्रान्सिसच्या वडिलांनी, विल्यम थिन यांनी, १५३२ साली स्वतः चॉसरची आवृत्ती काढलेली. साहजिकच मुलाला नव्या आवृत्तीत चुका दिसल्या आणि थोडा अभिमानही दुखावला असेल. त्याने स्पेटला उद्देशून एक लांबलचक लिखाण केले, नाव दिले 'अ‍ॅनिमॅडव्हर्शन्स'. अमुक शब्दाचा अर्थ चुकला, तमुक तपशील चुकला, एकेक घेऊन सांगितले. पुढे काय झाले? स्पेटने १६०२ साली दुसरी आवृत्ती काढली, त्यात थिनच्या दुरुस्त्या वापरल्या आणि त्याच्या मदतीचा उल्लेखही केला. टीकाकार आणि लेखक दोघेही एकाच चॉसरकडे पाहत होते, म्हणून हे शक्य झाले.

पण शब्दाचा स्वभाव हळूहळू तिखट होत गेला. १६४१ साली कवी मिल्टनने बिशप जोसेफ हॉल यांच्याविरुद्ध जे चोपडे लिहिले त्याच्या नावातही 'अ‍ॅनिमॅडव्हर्शन्स' आहे आणि त्यातली भाषा वाचली तर हा पुढे महाकाव्य लिहिणारा माणूस आहे हे पटत नाही, इतकी ती टोचरी आहे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. मिल्टन आधी बिशपचे वाक्य देतो आणि मग खाली आपले उत्तर देतो. शिवी देतानासुद्धा समोरच्याचे वाक्य डोळ्यांपुढे ठेवण्याची शिस्त त्याने मोडलेली नाही. आज हा शब्द इंग्रजीत क्वचित दिसतो आणि दिसतो तेव्हा त्याचा अर्थ नापसंती, ठपका, प्रतिकूल शेरा एवढाच असतो. 'लक्ष' गळून पडले, 'ठपका' उरला.

गंमत म्हणजे हा मेल्यात जमा झालेला शब्द आपल्या देशातल्या न्यायालयांत अजून चालता-बोलता आहे. त्याला एक कारण आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी एका प्रकरणात सबंध पोलीस दलाबद्दल अतिशय कडक उद्गार लिहिले. हे मुल्ला उर्दूतले नावाजलेले कवी. उत्तर प्रदेश सरकार ते उद्गार काढून टाकावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. मोहम्मद नईम खटला म्हणून तो ओळखला जातो. १९६३ साली निकाल लागला आणि ते उद्गार वगळले गेले. त्या निकालात न्यायाधीशांनी कुणावर प्रतिकूल शेरा लिहिण्यापूर्वी स्वतःला काय विचारावे याच्या तीन कसोट्या घालून दिल्या. एक, ज्याच्याबद्दल लिहायचे तो माणूस समोर आहे का, त्याला आपली बाजू सांगण्याची संधी मिळाली आहे का? दोन, शेऱ्याला आधार देणारा पुरावा कागदावर आहे का? तीन, खटल्याचा निर्णय देण्यासाठी त्या वागणुकीवर 'अ‍ॅनिमॅडव्हर्ट' करणे खरोखर गरजेचे आहे का? या तीन कसोट्या तेव्हापासून निकालांमागून निकालांत उतरत आल्या आणि त्यांच्यासोबत हा शब्दही. आमच्या वाड्यावर भिजत आला तो बहुधा याच वाटेने.

आता त्या गृहस्थांचा 'समाचार'. समाचार म्हणजे वार्ता, खुशाली. आजारी माणसाच्या समाचाराला आपण जातो. आणि 'समाचार घेणे' म्हणजे चांगलेच फैलावर घेणे. 'हजेरी घेणे' तसेच. वर्गात मी रोज हजेरी घेत असे, त्यात राग नव्हता. पण 'हेडमास्तरांनी त्याची हजेरी घेतली' म्हटले की अर्थ फिरला. 'खबर घेणे' घ्या. मूळ क्रिया विचारपूस करण्याची, हाती आली खरडपट्टी. रोमन माणसाने जे केले तेच आपणही केले. लक्ष देण्याच्या शब्दांतून बोलणी खाण्याचे शब्द घडवले.

सर्वांत मोठे उदाहरण तर 'टीका'. टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारे विवरण. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला गीतेवर सांगितलेली 'भावार्थदीपिका' ही टीकाच. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. फक्त लक्ष द्या, बाकी माझ्यावर सोपवा, असा त्यांचा भाव आहे. आणि आज 'माझ्यावर टीका झाली' असे कुणी म्हटले तर आपण काय समजतो? की याला कुणीतरी झोडपले. सातशे वर्षांत एक शब्द दीप दाखवण्यापासून झोड उठवण्यापर्यंत आला.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वरचे सगळे नुसते शब्दकोशातले पांडित्य होईल.

माझा एक मित्र होता. नाव सांगत नाही, त्याच्या घरच्यांना आवडणार नाही. नोकरी करून रात्री कविता लिहायचा. घरी आम्ही सगळे कोंकणीत बोलणारे, लिहायला बसलो की मराठी, तशी त्याचीही रीत. साठीला त्याने स्वतःच्या पैशाने संग्रह छापला. फोंड्याला प्रकाशन झाले आणि वक्ता म्हणून मला बोलावले. पुस्तक माझ्याकडे पंधरा दिवस आधी आले होते. मी काय केले? मलपृष्ठ वाचले, प्रस्तावना चाळली, मधल्या पाच-सहा कविता पाहिल्या आणि व्यासपीठावरून पंचवीस मिनिटे बोललो. 'गोमंतकाच्या मातीचा गंध' म्हणालो, 'समुद्राची गाज' म्हणालो. टाळ्या पडल्या.

आठवड्याने तो घरी आला. "तुका कशें दिसलें?" त्याने विचारले. मी म्हटले, अरे, त्या दिवशी सांगितले ना सगळे! तो म्हणाला, "तें सभेंत. आतां सांग." मी पुन्हा तेच बोललो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, शेवटच्या भागातल्या कविता आईवरच्या आहेत, त्या तिथे ठेवाव्यात की नको याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे, तुला काय वाटते? मला शेवटचा भाग आईवर आहे हेच माहीत नव्हते. माझा चेहरा त्याने वाचला असणार. तो काही बोलला नाही. त्यानंतरही आम्ही भेटत राहिलो, पण कवितेचा विषय त्याने माझ्याजवळ कधी काढला नाही. पुढे दोन वर्षांनी तो गेला.

मी त्याच्या पुस्तकाची निंदा केली असती तर त्याला वाईट वाटले असते, पण निदान आम्ही भांडलो असतो. मी त्याला भांडायलाही काही दिले नाही. त्या स्तुतीत त्याच्या कवितेतली एक ओळही नव्हती. ते भाषण तसेच उचलून दुसऱ्या कुठल्याही संग्रहाला चिकटवता आले असते, आणि कबूल करतो, पुढे एकदा मी तसे केलेही.

आपल्या गोव्यातल्या मराठी जगात हे फक्त माझ्याच हातून घडते असे मला वाटत नाही. आपण माणसे मोजकी. लिहिणारा, छापणारा, परीक्षण करणारा आणि सभेला येणारा, सगळे एकमेकांचे शेजारी, सोयरे किंवा एकाच शाळेतले शिक्षक. म्हणून व्यासपीठावर सगळे गोड. आणि सभा संपल्यावर बाहेर चहाच्या कपाबरोबर जे बोलले जाते ते? तिथे त्या तीन कसोट्या लावून पाहा. ज्याच्याबद्दल बोलतो तो समोर नसतो. पुरावा नसतो, कारण पुस्तक वाचलेलेच नसते. आणि बोलण्याची गरज तर मुळीच नसते. आतली स्तुती आणि बाहेरची निंदा या दोन्ही न वाचता केलेल्या असतात.

पुणे-मुंबईचे समीक्षक आपल्याकडे बघत नाहीत ही आपली जुनी तक्रार. ती खोटी नाही. 'उपेक्षा' या शब्दातही 'ईक्षा' आहे, म्हणजे पाहणेच आहे, पण पाहून न पाहिल्यासारखे करणे. तो अनुभव आपण घेतला आहे. पण मग आपण आपल्या माणसाचे पुस्तक न वाचता त्याला शाल घालतो, ती उपेक्षा नव्हे तर काय?

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो आणि तो मी टाकाऊ समजत नाही. इथे मराठीत लिहिणारे आधीच थोडे, नव्या पोरांना दोन बरे शब्द हवेत, रोपट्यावर आताच कोयता कशाला? मान्य. पण शिक्षक म्हणून एक पाहिले आहे. वहीवर नुसते 'छान' लिहून दिले की मूल वही मिटवून टाकते. तिसऱ्या ओळीखाली रेघ मारून 'हे कसे सुचले?' असे लिहिले की ते उद्या दुसरी वही घेऊन येते. लाल शाईची भीती वाटते हे खरे, पण लाल शाई असलेली वही मास्तरने वाचली आहे हे मुलाला कळते. आणि ज्यांना झोडपायचीच हौस आहे त्यांच्यासाठी त्या तीन कसोट्या आहेतच. बारकाईने पाहणाऱ्या पण आरोपीला आरोपकर्त्याचे नावही न सांगणाऱ्या न्यायाचा अनुभव या भूमीने अडीच शतके घेतला आहे. म्हणून समोर सांगावे, ओळ दाखवून सांगावे आणि गरजेपुरते सांगावे. एवढे केले तर आपली टीका ज्ञानेश्वरांच्या टीकेपासून फार दूरची नाही असे म्हणायला जागा राहील.

असो. त्या रात्री कोश मिटवल्यावर मी कपाटातून मित्राचा संग्रह काढला. पहिल्या पानापासून वाचला, हातात पेन्सिल घेऊन. तीन दिवस लागले. मधल्या काही कविता पसरट आहेत, दोन-तीन ठिकाणी यमकासाठी शब्द ओढूनताणून आणला आहे. शेवटच्या आईवरच्या सात कविता मात्र संग्रहातल्या सर्वांत चांगल्या आहेत आणि त्या शेवटी नको होत्या, सुरुवातीला हव्या होत्या. त्याच्या शंकेला हे माझे उत्तर. समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. त्याला ते आता वाचता येणार नाही, पण पुढच्या महिन्यात म्हापशाला एका मुलीच्या पहिल्या कथासंग्रहाचे प्रकाशन आहे आणि मला बोलायला बोलावले आहे. पुस्तक कालच आले. पेन्सिल टोकून ठेवली आहे.